हॅव आणि बीन नावाचे दोन साहेब

दुपारी जेवण झालं की नाना गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत बसत आणि झोपत नसत. झोपत नसत हे त्यांचं स्वतःचं म्हणणं. डोळे मिटलेले, मान डाव्या खांद्यावर, ओठांतून एक बारीकशी शीळ, पण कुणी विचारलंच तर म्हणत, "विचार करतोय." पाणीपुरवठा कचेरीतून सहाय्यक अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांनी पुष्कळ विचार केला होता. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी वाऱ्याने फुगायच्या आणि पुन्हा सावकाश खाली यायच्या, जणू सगळी इमारतच संथ श्वास घेते आहे. वरच्या मजल्यावर गाण्याच्या बाई एकच ओळ घोळवत बसायच्या. ती ओळ जिन्यावरून उतरत, कुंड्यांमधून वाट काढत नानांच्या कानापर्यंत यायची, आणि नाना त्या सुराचं बोट धरून कुठल्या कुठे निघून जायचे.

अशाच एका दुपारी त्यांच्या बायकोने त्यांना तिथून परत बोलावलं. हातात पेन्सिल होती आणि कपाळावर आठी.

"अहो, जागे आहात का?"

"विचार करतोय."

"मग हाही एक करा. इंग्रजी वाक्यातलं मेन व्हर्ब कुठलं आणि हेल्पिंग व्हर्ब कुठलं, हे ओळखायचं कसं?"

नानांच्या बायकोला घराबाहेर सगळं जग मावशी म्हणायचं, तेव्हा आपणही मावशीच म्हणू. दोन गल्ल्या पलीकडे एक बालवाडी होती, तिथे मावशी मदतनीस होत्या. त्या बालवाडीचा एक कायदा होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण भिंतींनासुद्धा पाठ होता: शिकवते ती 'बाई', आणि उरलेलं सगळं करते ती 'मावशी'. आता छोट्या गटाच्या बाई रजेवर फार असायच्या, त्यामुळे उरलेल्या सगळ्यात शिकवणंही येऊन पडायचं. गाणी मावशींनी म्हणून घ्यायची, अक्षरं मावशींनी गिरवून घ्यायची, रडणाऱ्याला कडेवर मावशींनीच घ्यायचं. आणि रजा संपवून बाई आल्या की मावशींनी फळा पुसून मागच्या भिंतीला टेकून उभं राहायचं. परवा त्या बाई नवऱ्याच्या बदलीमुळे गाव सोडून गेल्या. जागा रिकामी झाली. शाळेच्या प्रमुख, म्हणजे मोठ्या बाई, मावशींना म्हणाल्या, "तुम्हीही बसा परीक्षेला. पण हं, सगळ्यांना सारखीच. इंग्रजीचा छोटा पेपर आणि मग तोंडी." परीक्षा शनिवारी होती. पास झाल्या तर मावशींच्या बाई होणार. नापास झाल्या तर कुणी तरी नवी, कोवळी बाई येणार आणि मावशी पुन्हा मागच्या भिंतीला. हे त्यांनी घरात बोलून दाखवलं नव्हतं, पण भाजी चिरताना त्यांचे ओठ हलायचे आणि कान लावला तर ऐकू यायचं, "आय अ‍ॅम, यू आर, ही इज."

नाना खुर्चीत ताठ झाले. इंग्रजी म्हणजे त्यांचा प्रांत. उभा जन्म त्यांनी इंग्रजी पत्रांचे मसुदे केले होते. "द मॅटर मे काइंडली बी लुक्ड इन्टू", "द अ‍ॅप्लिकंट इज हिअरबाय इन्फॉर्म्ड", "इट इज रिग्रेटेड". एकेक वाक्य असं की त्यात कोण काय करतं आहे याचा शेवटपर्यंत पत्ता लागू नये. नळाला पाणी आलं नाही, हे न म्हणता पानभर पत्र लिहिण्यात त्यांचा हात धरणारा त्या कचेरीत कुणी नव्हता. पण मेन कोण आणि हेल्पिंग कोण, हा प्रश्न त्यांना तिथे कुणी विचारला नव्हता.

"सोपं आहे," नाना म्हणाले. असं म्हटलं की माणसाला विचार करायला सवड मिळते. "पण शास्त्रशुद्ध शिकायला हवं. पुस्तक आणतो."

आणि ते वाचनालयात गेले.

वाचनालयात थंडगार अंधार होता, पंखे कुजबुजत होते आणि टेबलाशी बसलेले ग्रंथपाल जगाचा निरोप घेतल्यासारखे दिसत होते. नानांनी व्याकरण मागितलं. ग्रंथपाल म्हणाले, सभासद व्हावं लागेल. नाना म्हणाले, होतो. ग्रंथपाल म्हणाले, त्यासाठी जामीन लागेल. जामीन सभासद हवा, नातलग नसावा आणि त्याच्याकडे पुस्तक थकलेलं नसावं. नानांनी आयुष्यभर दुसऱ्यांना असे अडथळे घातले होते, त्यामुळे त्यांना राग आला नाही. उलट जुना मित्र भेटल्यासारखं वाटलं. त्यांनी ऐटीत तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं.

ग्रंथपालांच्या डोळ्यांत प्रथमच थोडा जीव आला. "ते? त्यांचं सभासदत्व केव्हाच गोठवलंय. आमचं एक पुस्तक नेलं ते परत केलं नाही."

"कुठलं?"

"इंग्रजी व्याकरण. एकुलती एक प्रत होती."

नाना परत येऊन डॉक्टरांना भेटले. डॉक्टर म्हणाले, शक्यच नाही, मी परत केलं असणार. आणि असल्या गोष्टींना पुस्तक कशाला लागतं. "नाना, माझं ऐका. शब्द काढून बघायचा. काढल्यावर वाक्य बोंबललं तर तो मेन. नुसतंच हललं तर हेल्पिंग." नानांना हे फार दंतवैद्यकी वाटलं. गाण्याच्या बाई जिन्यात भेटल्या, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "इंग्रजीचं मला काय कळतं? आमच्याकडे साथ करणारा मागे बसतो आणि गाणारा पुढे. एवढं खरं." आणि चपला काढून वर गेल्या.

गाणारा पुढे. साथ मागे. नाना हे वाक्य घेऊन खुर्चीत येऊन बसले, आणि विचार करू लागले.

वरून सूर येत होता. चादरी फुगत होत्या. आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे नानांना कचेरीचा लांब व्हरांडा दिसला. व्हरांड्यातून वाक्यं चालली होती. सगळ्यांत पुढे हॅव साहेब, हात पाठीमागे बांधून. त्यांच्या खांद्यामागे धाकटे साहेब, बीन. दोघांच्याही हातात काही नव्हतं. अधूनमधून ते घड्याळात बघत आणि वेळ काय झाली ते सांगत. आणि सर्वांत मागून, काखेत फायली, कानावर पेन्सिल, घामाघूम झालेला, धापा टाकत येणारा कोण? वेटिंग. बिचारा वेटिंग. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. नाना निरखून बघू लागले तो वेटिंगच्या अंगात त्यांचाच जुना निळा सदरा होता.

नाना दचकून जागे झाले, म्हणजे विचार थांबवून उठले. नियम सापडला होता.

"अगं, ऐक. वाक्यात काम कोण करतं ते बघायचं. द चिल्ड्रन हॅव बीन वेटिंग. काम कुणाचं? वाट बघण्याचं. ते करतो वेटिंग. आणि जगात काम कोण करतं?"

मावशींनी क्षणभर विचार केला. "मदतनीस."

"बरोबर. जो पुढे उभा राहून नुसती वेळ सांगतो तो मुख्य. जो मागून येऊन काम उपसतो तो सहाय्यक. हॅव आणि बीन हे दोन साहेब. वेटिंग हेल्पिंग."

मावशी पेन्सिल हनुवटीला टेकवून बघत राहिल्या. एखाद्या जाणत्याने तिथल्या तिथे नाही म्हटलं असतं. पण मावशींना त्या वाक्यात मागची भिंत दिसली, पुसलेला फळा दिसला, आणि पुढे उभं राहून "चला, वेळ झाली" म्हणणाऱ्या बाई दिसल्या. आपलंच आयुष्य समोर व्याकरण होऊन उभं राहिल्यावर माणूस त्याला खोटं कसं म्हणेल?

"खरंय हो," त्या हळूच म्हणाल्या. "कुणी इतकं नीट सांगितलंच नव्हतं."

नानांना निवृत्तीनंतर इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

मग घरात व्याकरणाचा सप्ताहच बसल्यासारखं झालं. मावशी कपड्यांच्या घड्या करताना वाक्य म्हणायच्या, नाना गॅलरीतून जाब विचारायचे. "शी इज सिंगिंग." "मुख्य?" "इज." "सहाय्यक?" "सिंगिंग." वरच्या बाईंना याचा पत्ता नव्हता, त्या आपल्या गात होत्या, आणि खाली त्यांचं गाणं सहाय्यक ठरत होतं. "द कॅट हॅज अ टेल." इथे मावशी अडल्या. "इथे हॅजच्या मागे कुणीच नाही." नाना म्हणाले, "मग साहेब एकटेच आहेत. रविवार असेल." मावशी हसल्या आणि त्यांनी हॅजखाली रेघ मारली. संध्याकाळी दोघं फिरायला गेली की रस्ताभर वाक्यं उगवलेली दिसायची. दिवे लागत होते, दुकानाची फळी ओढली जात होती, कुणीतरी सायकल ढकलत होतं. आणि प्रत्येक कामापुढे एक न दिसणारा साहेब हात बांधून चाललेला. जग इतकं शिस्तीत आहे हे नानांना आजवर ठाऊकच नव्हतं.

शनिवार उजाडला. मावशींनी इस्त्रीची साडी नेसली, केस घट्ट बांधले, देवाला नमस्कार केला आणि नानांना बजावलं, "तुम्ही येऊ नका. तुम्ही आलात की मला धडधडतं." नाना म्हणाले, "मी कशाला येतोय. मला कवळी घासून घ्यायची आहे."

वरची कवळी बरेच दिवस हिरडीला टोचत होती. नाना खाली डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी कवळी काढून घेतली, आत नेली, आणि आतून यंत्राचा घुं घुं आवाज येऊ लागला. नाना तोंडावर रुमाल धरून बाहेरच्या बाकाशी आले. बाकावर तिघं आधीच बसले होते, तिघांचेही हात तीन गालांवर. चौथ्याला जागा नव्हती म्हणून नाना भिंतीला टेकले, आणि त्या आवाजात त्यांचे डोळे जड होऊ लागले. मिटता मिटता नजर खाली गेली. बाकाचा एक पाय आखूड होता. त्याखाली टेकू म्हणून एक जाड पुस्तक सरकवलेलं होतं. पाठीवर वाचनालयाची चिठ्ठी, आणि तिच्या वर अर्धवट पुसलेली अक्षरं: इंग्रजी व्याक.

आता अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? आधी बाकावरच्यांना उठवेल. नाना शहाणे होते, पण त्या घटकेला घाईत होते. त्यांनी पुस्तक ओढलं. बाक कलला. पहिला माणूस दुसऱ्यावर गेला, दुसरा तिसऱ्यावर, आणि तिसरा, ज्याचा दात सर्वांत जास्त दुखत होता, तो कुंडीत गेला. "अहो, काय करताय काय?" असं तिघं तीन गालांनी म्हणाले. नानांना ऐकू आलं नाही. त्यांना पान सापडलं होतं.

'मुख्य क्रियापद: वाक्यातील प्रत्यक्ष काम दाखवणारे. सहाय्यक क्रियापद: मुख्य क्रियापदाच्या आधी येऊन काळ दाखवण्यास मदत करणारे.'

नानांनी ते दोनदा वाचलं. पुस्तक उलटं धरलंय का, तेही पाहिलं. व्हरांड्यातली सगळी मिरवणूक त्यांच्या डोळ्यांपुढे थबकली. हॅव आणि बीन यांनी मागे वळून पाहिलं, आणि अदबीने बाजूला होऊन वेटिंगला वाट दिली. आणि तिकडे मावशी, इस्त्रीच्या साडीतल्या मावशी, आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या रांगेत बसून आता सगळं उलटं लिहिणार होत्या. नवऱ्यावर विश्वास ठेवून.

नाना धावले. कवळी आत, पुस्तक हातात, पायात स्वतःची एक चप्पल आणि कुंडीतल्या माणसाची एक.

बालवाडीच्या फाटकाशी पहारेकरी होता. त्याच्या खिशातल्या यादीत एक उमेदवार अजून यायचा होता, आणि दार बंद करायची वेळ झाली होती.

"कोण?"

"उमेवालाहा नवला," नाना म्हणाले. त्यांना 'उमेदवाराचा नवरा' म्हणायचं होतं; पण दातांशिवाय मराठीतली अर्धी अक्षरं घराबाहेर पडत नाहीत.

"उमेदवार ना? मग इतका उशीर? चला, चला. पुस्तक इथे ठेवा. आत पुस्तक चालत नाही."

"मी नाहे. माही बायहो..."

"काळजी नका करू, सोपा असतो पेपर," पहारेकरी कनवाळूपणे म्हणाला. रुमाल तोंडावर धरलेला हा वयस्कर गृहस्थ रडकुंडीला आलाय, असं त्याला वाटलं. त्याने नानांना खांद्याला धरून आत नेलं आणि छोट्या गटाच्या खोलीत रिकाम्या खुर्चीवर बसवलं. खुर्ची साडेतीन वर्षांच्या मापाची होती. नाना बसले तेव्हा त्यांचे गुडघे त्यांच्या कानांशी आले. समोर पेपर आला. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आता कुणी बोलायचं नाही."

खोलीत तीन तरुण मुली होत्या आणि अगदी पुढे मावशी. पाठमोऱ्या. बांधलेल्या केसांखाली मानेवर घामाचा एक थेंब. त्यांनी मागे वळून पाहिलं, नवरा दिसला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते नानांनी लग्नानंतर एकदाच पाहिलं होतं, शेजारच्यांचं पार्सल आपलं समजून त्यांनी फोडलं होतं तेव्हा. मग त्या पुन्हा पेपराकडे वळल्या.

नानांना एक शब्द बोलायचा होता. नुसता 'उलट'. दातांशिवायही तो साधारण म्हणता आला असता. खोकता आलं असतं. पेन्सिल पाडून, उचलायच्या निमित्ताने पुढे जाऊन कुजबुजता आलं असतं. त्यांनी पेन्सिल हातात घेतलीसुद्धा. आणि मग त्यांच्या मनात आलं, असं सांगून ती बाई झाली तर रोज सकाळी त्या मुलांसमोर ती कुठल्या तोंडाने उभी राहील? तिला मुळीच चालणार नाही. अन् परीक्षा 'सगळ्यांना सारखी' आहे. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. इतकं जड काही त्यांनी आजवर खाली ठेवलं नव्हतं.

खोली निवांत झाली. छताला दोऱ्यांनी कागदी मासे टांगलेले होते, मुलांनी रंगवलेले, कुणाला तीन डोळे तर कुणाला शेपूटच दोन. ते हवेत सावकाश वळत होते. खिडकीतून तिरपं ऊन आलं होतं आणि त्यात खडूची धूळ वर वर जात होती. नानांनी पेपर वाचला. शी इज सिंगिंग. द बॉइज हॅव बीन प्लेइंग. ती वाक्यं आज त्यांना निराळीच दिसली. पुढे उभा असलेला तो हॅव साहेब नव्हताच. तो हात पाठीमागे बांधून नव्हता चालत, दार उघडून धरत होता. स्वतः काही करत नव्हता. दुसऱ्याच्या कामाला वेळ मिळावा म्हणून आधी येऊन उभा राहिला होता. नानांना वाटलं, आपण सगळेच असे खेळणारे, गाणारे, वाट बघणारे; आणि प्रत्येकाच्या पुढे कुणीतरी न दिसणारा काळवेळ सांभाळत उभा आहे, त्याचं नाव कुणी मोठ्याने घेतो, कुणी मनात. मग देवही हेल्पिंगच म्हणायचा. या विचाराने त्यांचे डोळे भरून आले, आणि मासे अधिकच पोहू लागले.

त्यांनी सगळी उत्तरं लिहिली, बरोबर लिहिली, आणि निबंधही लिहिला. कागद समोर आला की लिहायचं, ही उभ्या जन्माची सवय.

पेपर झाल्यावर उमेदवारांना व्हरांड्यात बसवलं. नाना मावशींना गाठायला निघाले तोच आतून हाक आली, "मावशी, तुम्हीच या आधी." मावशी जाता जाता एवढंच म्हणाल्या, "तुम्ही घरी या, मग बघते." बालवाडीची दारं अर्धीच असतात, खाली फळी आणि वर मोकळं. नाना त्या अर्ध्या दाराशी उभे राहिले.

"मावशी, गाणं, गोष्ट, हिशेब, रोज बघतेच मी, सगळं उत्तम," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण क्रियापदांचं हे काय केलंत? एक क्रियापद असलेली वाक्यं बरोबर. बाकी झाडून सगळी उलटी."

मावशी पेपरावर वाकून बघू लागल्या.

"अंदाजाने लिहिणाऱ्याची दोन-चार तरी चुकून बरोबर येतात. या मुलींची आली आहेत. त्यांतलं तुमचं एकही नाही. इतकं अचूक चुकायला यावं लागतं, मावशी. कुणी शिकवलं?"

नाना दाराच्या फळीला घट्ट धरून उभे राहिले.

"घरीच केला अभ्यास," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, जी काम करते ती मदतनीस. आणि जी पुढे उभी राहून वेळ झाली म्हणते, ती मुख्य."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. पुसला. बराच वेळ पुसत राहिल्या. खोलीतले मासे अर्धा वळसा घेऊन परत फिरले.

"व्याकरणात तसं नाही," त्या अखेर म्हणाल्या. आवाज जरा निराळा होता. "व्याकरणात जी काम करते तीच मुख्य. पुढची तिच्यासाठी असते."

मावशींनी हे ऐकून घेतलं. मनाशी एकदा म्हणून पाहिलं असावं, कारण ओठ हलले.

"मग व्याकरण बरं आहे," त्या म्हणाल्या.

मोठ्या बाई हसल्या. त्यांनी पेपर पुढे सरकवला. "हीच वाक्यं पुन्हा सांगा बघू. तोंडी परीक्षाच चालली आहे."

मावशींनी सांगितली. एकही चुकली नाही. एकदा नावं जागच्या जागी बसल्यावर चुकायला वावच नव्हता. माल सगळा बरोबर निवडलेला होता, फक्त डब्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती.

"सोमवारपासून छोटा गट तुमचा," मोठ्या बाई म्हणाल्या. मग त्यांनी दुसरा पेपर उचलला. "आणि आता मला हे कोडं सुटत नाहीये. क्रियापदं सगळी बरोबर. पण निबंध बघा. 'द चिल्ड्रन वेअर कॉज्ड टू बी सीटेड. ड्रिंकिंग वॉटर वॉज मेड अव्हेलेबल. इट इज रिग्रेटेड दॅट वन चाइल्ड वॉज फाउंड टु बी वीपिंग.' यात कुणी काहीच करत नाही. सगळं आपोआप होतंय. हे उमेदवार कोण?"

"ते दाराशी उभे आहेत ते," मावशी म्हणाल्या. "हे आमचे... हे."

नाना आत आले. रुमालाआडून त्यांनी सगळं कबूल केलं: नियम त्यांचा, व्हरांडा त्यांचा, पुस्तक, बाक, फाटक. मोठ्या बाईंना त्यातलं निम्मं कळलं आणि उरलेलं मावशींनी सांगितलं.

"म्हणजे मावशी उलटं लिहितायत हे तुम्हाला बसल्या बसल्या माहीत होतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही बोलला नाहीत."

नानांनी मान हलवली.

"फार कठीण असतं ते. उत्तर येत असताना मुलाला स्वतःचं स्वतः लिहू द्यायचं आणि आपण जवळ बसून राहायचं. आम्हाला असंच माणूस लागतं." त्यांनी नानांकडे आपादमस्तक बघितलं, दोन जातींच्या चपलांपर्यंत. "लहान खुर्चीत मावता. गप्प बसता. धावत येता. मावशी तर आता बाई झाल्या, त्यांच्या हाताखालची जागा रिकामी राहते. मुलं काका म्हणतील तुम्हाला. येता का?"

सहाय्यक अधीक्षक, निवृत्त, यांच्या मानाला हा पहिला मोठा धक्का होता. त्यांनी खांदे मागे घेऊन उत्तर दिलं. ते फार रुबाबदार वाक्य होतं, त्यात विचार, यथावकाश, कळवण्यात येईल हे सगळे होते. पण वरचे दात तळमजल्यावर होते, त्यामुळे खोलीत नुसताच मऊ वारा सुटल्यासारखं झालं.

"काय म्हणतात?" मोठ्या बाईंनी विचारलं.

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. कपाळावरची आठी कुठेच नव्हती.

"येतील म्हणतायत," बाई म्हणाल्या.